बाजाराला मालक असतो का, मामंजी?

मामंजी, काल तुमचं तेरावं झालं. पंगतीला गाव बरंच आलं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढे लोक माझ्या पाठाला आले असते तर पाठशाळा बंद कशाला पडली असती.

जेवताना उपाध्ये म्हणाले, "शास्त्रीबुवांनी देव आहे हे तर्कानं सिद्ध करून दाखवलं व्हतं. असा माणूस आता व्हणे न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वरण वाढत होते. वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेले. सुनेनं पंगतीत बोलायचं नसतं, तेराव्याला तर नाहीच नाही. पण ते वाक्य खरं नव्हतं. तुम्ही देव सिद्ध केला नाहीत. सिद्ध करायला बसला होतात, आणि समोर मी बसले होते. उपाध्यांना जे सांगता आलं नाही ते तुम्हालाच सांगते, कारण या घरात असल्या गोष्टी ऐकून घेणारे तुम्ही एकटेच होता.

लग्न होऊन मी कळमनुरीला आले तेव्हा तुमच्या डोळ्यांवर सारा येऊन दिसणं कमी होऊ लागलं होतं. पाठशाळेतली पोरं उर्दू शाळेत गेली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं, निजामाच्या कचेरीतली नोकरी उर्दूनंच मिळायची. तुमच्या स्वतःच्या लेकानंही तेच केलं आणि तहसिलीत कारकून झाला. तुम्ही ओसरीवर पोथी मांडीवर घेऊन बसायचात, पान डोळ्यांच्या अगदी जवळ न्यायचात, मग खाली ठेवायचात. मी आतून बघायचे. एक दिवस तुम्ही हाक मारलीत.

"सूनबाई, वाचता येतं का तुला?"

"मराठी चार यत्ता झाल्यात, मामंजी."

"अक्षरं तीच हायेत. ये, बस हितं."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. सासूबाई म्हणजे नवऱ्याचा शब्द खाली पडू न देणारी बाई, असं मी माहेरून ऐकून आले होते. पण माझ्या या सासूबाई तिथूनच म्हणाल्या, "अन् सैपाक कोण करंल? तर्कशास्त्र का?" तुम्ही म्हणालात, "सकाळचा सैपाक तू कर, संध्याकाळचा ती करंल." आत्याबाईंनी ते मान्य केलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिठाची परात स्वतःकडे ओढली, एवढं मी पाहिलं.

पहिली काही वर्षं मी नुसती वाचत होते. संस्कृत वाचायचं, तुम्ही मराठीत अर्थ सांगायचा. कळायचं तेवढं कळायचं. मग तुम्हाला कंटाळा आला. नुसत्या वाचनाला तुम्ही कंटाळलात, कारण आयुष्यभर पोरांशी वाद घालून शिकवायची सवय. एक दिवस म्हणालात, "उद्यापास्नं पूर्वपक्ष तुझा." मी विचारलं, म्हणजे काय? "म्हणजे तू म्हणायचं देव न्हाई. मी म्हणायचं हाय. आमचे गुरुजी असंच शिकवायचे. खोटं खोटं न्हाई भांडायचं. खरं भांडायचं."

आत्याबाईंनी ते ऐकलं आणि देवघरात जाऊन हात जोडून आल्या. बहुतेक माझ्या वतीनं.

तुमचं म्हणणं साधं होतं. मडकं बघितलं की कुंभार कळतो. तो समोर नसला तरी कळतो. जे जे केलेलं, त्याला करणारा असतो. जग हे केलेलं आहे. म्हणून जगालाही कुणी करणारा आहे, आणि तोच देव. हे तुम्ही मला भाजी निवडता निवडता पाठ करायला लावलंत.

मी पहिल्यांदा परसातली बाभळ दाखवली. म्हटलं, "ही कुणीच लावली न्हाई, आपोआप आली. मग?" तुम्ही खूश झालात, म्हणालात, "सगळे इथूनच सुरू करतात." आणि समजावलंत, की बाभळीला करणारा आहे का नाही हाच तर वाद आहे, ज्यावर वाद आहे तेच पुरावा म्हणून पुढं करता येत नाही. मी हरले. मग काही दिवसांनी मी म्हटलं, कुंभाराला हात असतात. आजवर जो जो करणारा बघितला तो हातापायाचाच बघितला. देवाला हात नाहीत म्हणता, तर मग तो कुंभारासारखा कसा? कुंभार घ्यायचा तर हातांसकट घ्या. त्यावर तुम्ही दोन दिवस घेतलेत, पण उत्तर दिलंत. ते मला पूर्ण पटलं नाही. तरी हरले असं मी कबूल केलं, कारण मला पुढचं बोलता येत नव्हतं.

शेजारचे मुन्शीजी कधीकधी येऊन बसायचे. शाळेत फारसी शिकवायचे ते. त्यांचा देवाचा दाखला वेगळा होता. हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दुसरं कुणीतरी हलवतं, त्याला तिसरं, आणि कुठंतरी ही साखळी थांबली पाहिजे. मी दाराआडून विचारलं, "काहून थांबली पाहिजे?"

मुन्शीजी हसले. "बेटी, रुकना तो पड़ेगा. आदमी थक जाता है."

"थकतो तो माणूस, मुन्शीजी. साखळी कुठं थकते?"

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. मुन्शीजी म्हणाले, "शास्त्रीजी, यह घर में किसको पाल रखा है आपने?" त्यांना आवडलं होतं. पुढं ते आले की आधी विचारायचे, "पूर्वपक्ष घर में है?"

हा खेळ होता, मामंजी. खेळच होता, बरीच वर्षं. तो खेळ कधी संपला ते मला नेमकं सांगता येणार नाही. बाजाराचं सुचलं ते मात्र सांगता येईल. आठवडी बाजारात हे आणि मी लुगडं घ्यायला गेलो होतो. बांगड्यांवाला, मिरचीवाली, गुळाच्या ढेपा, बैलांच्या घंटा. मी थांबून बघत राहिले. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. घरी आले ती लुगडं तसंच ठेवून तुमच्याकडे आले.

"मामंजी, बाजारातल्या प्रत्येक दुकानाला मालक असतो का न्हाई?"

"असतो."

"म्हणून बाजाराला मालक असतो का?"

तुम्ही म्हणालात, "सरकार हाय की."

"सरकार पट्टी घेतं. बाजार काही सरकारनं मांडला न्हाई. दुकानं मिळून बाजार झाला. तसं मडक्याला कुंभार असंल, घराला गवंडी असंल, जगातल्या एकेका वस्तूला करणारा असंल. पण समद्या वस्तू मिळून जे जग, ती आणखी एक वस्तू हाय हे कशावरून? मडकी होताना आपण बघितली. जग होताना कुणी बघितलं?"

तुम्ही पाणी मागितलंत. पिऊन झाल्यावर म्हणालात, "हे कुठं वाचलंस?"

"कुठंच न्हाई. बाजारात गेले व्हते."

त्यानंतर तुम्ही उत्तर शोधत राहिलात आणि मी ते ऐकायला तयार राहिले, आणि एका संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना माझ्या ध्यानात आलं की मी आता कुणाची बाजू घेऊन बोलत नाही. मला ते पटलं होतं. मला भीती वाटली. देवाची नाही, तुमची. तुम्हाला सांगायला धीर गोळा करावा लागला.

"मामंजी, हे आता खेळातलं राहिलं न्हाई. मला खरंच पटून राहिलंय, की हे सिद्ध व्हत न्हाई."

मी वाट बघत होते की तुम्ही रागवाल, किंवा स्वतःला दोष द्याल. आत्याबाईंनी पुढं तुम्हालाच दोष दिला. "शिकवून शिकवून पोरगी नास्तिक केली" म्हणून तुम्हाला कित्येक दिवस वाढताना एक शब्द बोलल्या नाहीत. तुम्ही मात्र विचारलंत, "मग उद्या वाचायला येणार न्हाईस?"

"तुमी बंद करणार असाल तर—"

"काहून? पटलं म्हणून थांबायचं असतं काय? मला पटलेलं हाय, मी थांबलो का?"

"आन् दिवा? दिवा लावू का न्हाई?"

"तुझ्या आत्याबाईला बरं वाटतं म्हणून लाव. सिद्धांत म्हणून लावू नको."

आता तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं, ते विचारते. त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं का? ज्या गोष्टीवर जन्म घातला ती गोष्ट घरातल्याच माणसाला नाही पटली. आणि ती तुम्हीच शिकवलेल्या रीतीनं नाही पटली. मी कधी विचारलं नाही, आणि तुम्ही असल्या गोष्टी आपण होऊन सांगणाऱ्यातले नव्हतात.

मग हिंगोलीची सभा आली. वऱ्हाडातून कुणी तरुण वकील आले होते. देव नाही असं ठिकठिकाणी सांगत फिरत होते आणि लोक चिडले होते. हिंगोलीच्या मंडळींनी ठरवलं की यांना शास्त्रानं उत्तर द्यायचं, आणि ते देणार कोण, तर कळमनुरीचे शास्त्रीबुवा. तुमच्यासाठी बैलांची दमणी पाठवली. तुम्ही म्हणालात, सूनबाई बरोबर पाहिजे, पोथीतलं काही लागलं तर वाचायला. देवळाच्या मंडपात मला बायकांच्या बाजूला, पडद्यामागं बसवलं. पडदा पातळ होता, सगळं दिसत होतं.

वकील चांगले बोलले, पण त्यांचा तर्क कच्चा होता. देव दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणाले. तुम्ही विचारलंत, "वकीलसाहेब, तुमची अक्कल दिसते काय?" मंडप हसून हसून पडला. वकील लाल झाले. मग तुम्ही मडकं आणि कुंभार मांडलात, आणि त्यांनी बाभळीचाच मुद्दा काढला. म्हणजे त्यांच्या बोलण्यात बाभळीच्या जागी चिंच होती. तुम्ही तो माझ्यासमोर मोडला होतात तसाच मोडलात. वकील गप्प झाले. कुणीतरी हार घेऊन पुढं आलं. "धर्म की जय" सुरू झालं. मी पडद्यामागं बसून मनात म्हटलं, चला, झालं. खरं सांगते, मलाही बरं वाटलं होतं. तुम्ही माझे होता.

तुम्ही हात वर केलात. "थांबा. अजून संपलं न्हाई."

लोक थांबले.

"या पोराची बाजू याला मांडता आली न्हाई. म्हणून ती बाजू खोटी व्हत न्हाई. याच्याहून चांगला मुद्दा माझ्या घरात निघालाय, तो मी सांगतो." आणि तुम्ही बाजार मांडलात. दुकान, मालक, सरकारची पट्टी, सगळं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं मांडलंत. मला जे अर्धवट सुचलं होतं ते तुम्ही पूर्ण केलंत, जिथं मी अडखळले असते तिथं पायरी घातलीत. मग म्हणालात, "याचं उत्तर माझ्याजवळ आज न्हाई. मी देव मानतो. पण सिद्ध केला असं म्हणून हार घालून घेणार न्हाई."

हारवाल्या माणसाला हार कुठं ठेवावा ते समजेना. मागून कुणीतरी ओरडलं, "मग आलात काहून?" दुसरं म्हणालं, "म्हातारा फुटला." वकीलसाहेब उठून तुमच्या पाया पडले, त्यानं लोक आणखीच चिडले. परत येताना दमणी पाठवायला मंडळी विसरली. हे तहसिलीतून रजा घेऊन आपल्याला न्यायला आले तेव्हा ऊन उतरलं होतं.

वाटेत यांनी एवढंच विचारलं, "आण्णा, जिंकलेलं व्हतं ना? मग?"

तुम्ही म्हणालात, "जिंकलो व्हतो त्या पोराला. मुद्द्याला न्हाई."

पुढं तुम्हाला कीर्तनाला, पारायणाला, श्रावणात कुणी बोलावलं नाही. ज्या घरांतून वर्षाचं धान्य यायचं त्यांतली काही घरं विसरली. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत. आत्याबाई बोलल्या, पुष्कळ बोलल्या.

माझी तक्रार वेगळी होती. ती मी तुमच्याजवळ केली, आणि आपलं त्यावर कधी एकमत झालं नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्या घरात निघालेला मुद्दा." घरात! जसा उंदीर निघतो तसा. मी विचारलं, "माझं नाव काहून घेतलं न्हाई?"

"त्या मंडपात? तुझं नाव? सूनबाई, लोकांनी तुला काय काय म्हटलं असतं."

"ते माझं मी बघितलं असतं."

"आन् तुझ्या नवऱ्यानं?"

"त्यांनी त्यांचं बघितलं असतं."

तुम्ही मान हलवलीत. मी पोथी उघडली आणि जरा मोठ्यानंच वाचायला लागले. आपल्या दोघांत एवढंच भांडण झालं, ते देवावरून नव्हतं.

नंतरचं वर्ष कळमनुरीत कुणालाच सुखाचं गेलं नाही. रझाकारांच्या बातम्या रोज यायच्या. एक दिवस हे म्हणाले, आता निघायलाच पाहिजे. बैलगाडीत तुम्ही, आत्याबाई, दोन ट्रंका आणि पोथ्यांचं गाठोडं. पैनगंगा ओलांडून आपण पलीकडे वऱ्हाडात आत्याबाईंच्या भावाकडे गेलो. नदीत गाडी हिंदकळत होती, आत्याबाई डोळे मिटून नाव घेत होत्या, आणि तुम्ही मला विचारत होता, "सूनबाई, बाजाराला मालक नसतो हे खरं. पण नदीला उगम असतो का न्हाई?" मी म्हटलं, मामंजी, आधी पलीकडे जाऊ. आत्याबाईंनी डोळे उघडून मला शाबासकी दिल्यासारखं पाहिलं. असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

निजामाचं राज्य गेलं आणि आपण परतलो. आपल्या घराचं पुढचं दार नव्हतं. भांडी गेली होती. तरी घर उभं होतं, आणि आपण सगळे होतो. आता भीती दुसऱ्या घरांत शिरली होती. मुन्शीजींचं दार आतून बंद होतं. त्यांचा मुलगा हैदराबादेत अडकला होता, घरात ते आणि बीबी. दुकानदार त्यांना सामान द्यायला का-कू करत होते. रस्त्यानं पोरं काठ्या घेऊन फिरत होती, त्यांतली काही कालपर्यंत त्यांच्याच वर्गात बसलेली.

तुम्हाला हे कुणी सांगितलं कोण जाणे. सकाळी म्हणालात, "माझा हात धर. मुन्शीजींकडं जायचं."

हे म्हणाले, "आण्णा, दिवस बरे न्हाईत. थोडं निवू द्या."

"निवल्यावर जाऊन काय करू?"

मी तुमचा हात धरला. तुम्हाला तोवर दिसत नव्हतंच जवळजवळ. मुन्शीजींच्या ओट्यावर तुम्ही चढलात, बसलात, आणि दारावर काठी आपटलीत. "मुन्शीजी, बाहेर या. वाद राहिलाय."

आतून बारीक आवाज आला. "शास्त्रीजी, आज बहस का दिन नहीं."

"मग मी एकटाच बोलतो. हरलात म्हणून सांगीन गावाला."

दार थोडं उघडलं. मुन्शीजी खूप वाळले होते. ते उंबऱ्यातच बसले, एक पाय आत ठेवून. तुम्ही तुमचं कुंभाराचं सुरू केलंत, अगदी मोठ्यानं, रस्त्याला ऐकू जाईल असं. मुन्शीजी आधी नुसते हूं हूं करत होते. मग तुम्ही त्यांची ती हलवणाऱ्यांची साखळी मुद्दाम चुकीची सांगितलीत. ते त्यांना सहन झालं नाही. "गलत, शास्त्रीजी, बिल्कुल गलत!" म्हणाले आणि दुसरा पाय बाहेर आला.

काठीवाली पोरं आली. पाचसहा असतील. ओट्यासमोर उभी राहिली. एकानं विचारलं, "शास्त्रीबुवा, तुमी हितं काय करून राहिले?"

"देव सिद्ध करून राहिलो. बसतो का?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मी ओट्याचा खांब धरून उभी होते. तुम्ही त्यांच्याकडे तोंड केलंत, म्हणजे आवाजाच्या दिशेनं, आणि म्हणालात, "आमच्या दोघांचं एक हाय, देव हाय. अडवलंय ते हिनं. ही माझी सून. मुद्दा हिचा हाय. सांग गं, बाजाराचं सांग यांना."

मी कळमनुरीच्या भर रस्त्यावर, डोक्यावरचा पदर सावरत, काठ्या घेतलेल्या पोरांना सांगितलं की देव सिद्ध होत नाही. आवाज कापत होता. मधे एकदा मुन्शीजींनी मला थांबवून शंका काढली. तिचं उत्तर देता देता माझं कापणं गेलं. एक पोरगं खरंच ऐकायला लागलं होतं. दुसरं म्हणालं, "चल रे, काय लावलंय," आणि ती गेली.

आपण रोज गेलो. थंडी पडली तरी गेलो. त्या घराला कुणी हात लावला नाही. गावातल्या प्रत्येक ओट्यावर जाऊन बसायला कुणी नव्हतं, हेही खरं आहे, आणि ते तुम्हीच मला म्हणालात, परत येताना. "एकाच ओट्यावर बसता येतं माणसाला," असं.

त्या थंडीनंच तुम्हाला धरलं. छाती भरली. वैद्य आले, काढे झाले. मुन्शीजी खोकल्यावर मध घेऊन आले आणि तुमच्या पायाशी बसून राहिले. एका सकाळी तुम्हाला बरं वाटत होतं. अंगणात ऊन आलं होतं, तुम्ही म्हणालात, बाजेवर बाहेर निजवा. मला जवळ बोलावलंत. तुमचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता.

"सूनबाई, सापडलं."

"काय, मामंजी?"

"बाजाराला मालक नसंल. पण बाजाराला वार असतो." दम लागला म्हणून थांबलात. "समदे दुकानदार एकाच दिवशी, एकाच जागी कसे येतात? कुणीतरी वार ठरवलेला असतो. जगाचं बी तसंच. सूर्य, पाऊस, पेरणी, समदं वेळेवर. मालक नको म्हण. वार ठरवणारा कोण, ते सांग."

आत्याबाई तुमच्या उशाशी होत्या. त्यांना मुद्दा कळला नसेल, पण तुमचा आनंद कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला स्वच्छ समजलं: आता गप्प राहा. व्हय म्हण.

आणि मला त्यातलं भोक दिसलं होतं, मामंजी. लगेच दिसलं. गप्प राहणं सोपं होतं, आणि कुणी मला दोष दिला नसता. पण मी व्हय म्हटलं असतं तर ते एका आजारी म्हाताऱ्याला म्हटलं असतं. माझे शास्त्री मी तिथंच, त्या बाजेवर, तुमच्या आधी मारले असते.

मी म्हटलं, "मामंजी, वार कुणी एकानं ठरवलेला न्हाई. आधी दोघं आले असतील. त्यांना गिऱ्हाइक मिळालं म्हणून पुढच्या खेपेला चौघं आले. येता येता वार पडला."

आत्याबाईंनी तोंड फिरवलं.

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोप लागली. मग तुमचे ओठ हलले. "बराबर," म्हणालात. आणि जरा वेळानं, "बराबर हाय. पण पहिले दोघं? ते काहून एका जागी आले?" आणि हसलात. खोकल्यामुळं ते हसणं पुरं झालं नाही. "बघू. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होता. त्याच्या पुढच्या पहाटे गेलात.

पहिले दोघं एका जागी का आले, याचा मी हे सगळे दिवस विचार करते आहे. सावलीचं झाड असेल, किंवा पाणी असेल, असं म्हणते. मग तुम्ही म्हणाल, झाड तिथं कुणी लावलं? आणि आपण पुन्हा परसात येऊ. माझं मत बदललेलं नाही. देव तर्कानं सिद्ध होत नाही असंच मला आजही वाटतं. पण हे वाटणं मला आयतं मिळालेलं नाही. तुम्ही प्रत्येक पायरीवर मला अडवलंत म्हणून ते माझं आहे. दुसऱ्या कुणी सासऱ्यानं मला हे दिलं असतं का? एवढं तरी मी तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं. आपल्या घरात असं बोलायची रीत नव्हती.

आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. त्या सकाळपासून. काम सांगायच्या, तेवढंच. मी त्यांना दोष देत नाही. जेवणही त्यांचं नावालाच होतं, दोन घास आणि ताट बाजूला. काल सगळे गेल्यावर, भांडी घासून झाल्यावर, मी त्यांच्यासाठी पान वाढलं. त्या पाटावर बसल्या, पण जेवेनात. मग म्हणाल्या, "सरू, एक विचारू?"

माझं नाव त्यांनी घेतलं म्हणून मी चमकले.

"विचारा की, आत्याबाई."

"तू शिकलीस त्यांच्यापाशी. खरं सांग. ते कुठंतरी असतील का?"

काय बोलावं हे मला कळत होतं. त्यांना ते कसं लागेल याची काळजी होती. पण तुमच्या घरात मी खोटं उत्तर द्यायला शिकले नाही.

"असतील हे सिद्ध करता येत न्हाई, आत्याबाई."

त्यांनी पानाकडे पाहिलं. भातावर बोट फिरवलं.

"आन् नसतील हे?"

"ते बी येत न्हाई."

"तुला बी न्हाई? त्यांना बी आलं नसतं?"

"त्यांना बी न्हाई."

"मग ठीक हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि भात कालवून जेवायला लागल्या. मागून वरण घेतलं. पुन्हा भात घेतला.

मी समोर बसून त्यांचं जेवण होईपर्यंत विचार करत होते, की या अनुमानात चूक कुठं आहे. सापडली नाही.